ब्लीचला साइड रूममध्ये ढकलणाऱ्या कमिटीला खुलं पत्र

कमिटीतल्या दादा-ताईंनो, नमस्कार.

तुमच्या ॲनिमे कन्व्हेन्शनचं, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीजच्या फॅन्सच्या मेळाव्याचं, नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांनी तुमच्या पेजवर जाऊन शिव्या घालाव्यात अशी माझी अजिबात इच्छा नाही. तुम्हाला तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर आलं की तुमचा मेसेज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि महत्त्वाचा असल्यामुळेच बहुतेक कुठेतरी कुलपात जपून ठेवला असेल. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मी भांडुपची. वय ३६. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, घरी नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. तुमच्याकडे चार वर्षं येतेय, दरवेळी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, फुकटचा पास नाही की कोणाची ओळख नाही. तुमच्यातले बरेच जण माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील, मागच्या वर्षी गेटवर 'आंटी, बॅग दाखवा' पण ऐकून घेतलंय, त्याचा राग नाही, आंटीच आहे मी.

वाचणाऱ्यांना माहिती नसेल म्हणून काय झालं ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही पोस्ट टाकलीत की ब्लीच या ॲनिमे सिरीजचा शेवटचा पार्ट २०२६ साठी जाहीर झालाय, तर त्या निमित्ताने शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ मेन हॉलमध्ये जंगी प्रोग्राम, गप्पा, क्विझ, कॉस्प्ले परेड (पात्रांचे वेश करून), आणि हक्क मिळाले तर मोठ्या पडद्यावर एखादा एपिसोड. पोस्टरवर सिरीजचा हीरो इचिगो, नारिंगी केस, खांद्यावर तलवार, खाली 'बुक नाऊ'. मी त्याच रात्री दोन दिवसांचा पास काढला, आमच्या ग्रुपमधल्या अजून नऊ जणांनी काढला, एक जण तर त्यासाठी पुण्याहून येणार होता. गेल्या मंगळवारी नवीन टाइमटेबल आलं. त्यात आमचा प्रोग्राम रविवारी सकाळी साडेदहा, साइड रूम नंबर तीन, चाळीस मिनिटं, साठ खुर्च्या, आणि नाव बदलून 'रेट्रो कॉर्नर'. शनिवारच्या त्या दोन तासांत आता रील डान्स चॅलेंज आहे. विचारलं तर तुमच्या हँडलवरून उत्तर आलं, पोल घेतला होता मॅम, जुन्या सिरीजला क्राउड नाहीये, ब्लीच तसंही डेड आहे.

आता डेड म्हणाल तर मेलेल्या लोकांचीच सिरीज आहे ती, पहिल्या एपिसोडपासून भुतं येतायत तिच्यात, त्यामुळे त्या शब्दाने आमचं फारसं काही बिघडत नाही. पण 'क्राउड नाहीये' याच्यावर मला बोलायचंय.

२००७ ला मी बारावीत होते. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक दादा राहायचा, त्याच्याकडे नेट होतं, रात्रीचं डाउनलोड फुकट अशी स्कीम असायची तेव्हा, तर तो पीसी चालू ठेवून झोपायचा आणि सकाळी त्याची आई लाइट बिलावरून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं बोलायची. एक एपिसोड साधारण पावणेदोनशे एमबीचा. एका डीव्हीडीत २६ बसायचे. ती डीव्हीडी माझ्यापर्यंत यायची तेव्हा वर मार्करने 'फिजिक्स प्रॅक्टिकल' लिहिलेलं असायचं, आणि आमच्या मम्मीला खरंच वाटायचं की पोरगी फिजिक्समध्ये काहीतरी करणार. चोरीचाच माल होता तो, कबूल आहे, पण आमच्या केबलवाल्याकडे हे काही लागत नव्हतं आणि विकत घ्यायचं तर कुठे जायचं हेही माहिती नव्हतं.

त्यात आठवा-नववा एपिसोड आहे, १७ जूनचा. इचिगोच्या आईची पुण्यतिथी, अख्खं कुटुंब तिच्या थडग्यावर जातं, धो धो पाऊस, आणि त्याचा बाप, जो एरवी नुसता माकडचेष्टा करत असतो, तो तिथे एक सिगरेट ओढतो. वर्षातून एकच, त्याच दिवशी, कारण बायको कधीतरी म्हणाली होती की सिगरेट ओढताना तुझे हात छान दिसतात. आमच्याकडे पप्पांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. मी तो एपिसोड थांबवून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते एवढं आठवतंय. याच्यापुढे मला कोणी 'मारामारीचं कार्टून' म्हणालं की मी वाद घालत नाही, नुसती हसते.

तर तुमच्या पोलवाल्या पब्लिकसाठी थोडा हिशोब. तिते कुबोचा मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, ऑगस्ट २००१ ला सुरू झाला. ॲनिमे ऑक्टोबर २००४ ला. २७ मार्च २०१२ ला ३६६ वा एपिसोड लागला आणि दुकान बंद. तेव्हा मांगा अजून चालू होता, शेवटचा आर्क, म्हणजे गोष्टीचा शेवटचा टप्पा, नुकता कुठे सुरू झाला होता, म्हणजे जेवणात मेन डिश यायच्या आधीच पंगत उठवली. मांगा २०१६ ला संपला, ६८६ चॅप्टर, ७४ खंड. ॲनिमेचं काहीच नाही. वन पीस चालू, नारुतो सुद्धा पुढे २०१७ पर्यंत चालून रीतसर संपला, आणि 'बिग थ्री' म्हणून ज्यांचं नाव एका दमात घ्यायचे त्यातला तिसरा अर्धवट लटकलेला.

मग २१ मार्च २०२०. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी. लॅबमध्ये तेव्हा काय वातावरण होतं ते सांगत नाही, मास्क पुरतील का याच्यावरून रोज भांडणं होत होती. त्या दिवशी दुपारी ग्रुपवर मेसेज आला की शेवटचा आर्क ॲनिमेत येणार, जाहीर झालं. मी हातातले ग्लोव्हज काढून परत परत वाचलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता सगळे थाळ्या वाजवत होते तेव्हा मी पण वाजवली, पण खरं सांगते, माझी थाळी अर्धी डॉक्टरांसाठी होती आणि अर्धी ब्लीचसाठी.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नवीन सिरीज सुरू झाली. साडेदहा वर्षांनी. इचिगोला आवाज देणारा मोरिता मासाकाझू २००४ ला सुरुवात केली तेव्हा बत्तिशीला टेकला होता, २०२२ ला पन्नाशीला टेकला, आणि पोरगा आपला पंधराचाच असल्यासारखा ओरडतोय. पण सगळ्या कॅप्टनांचा प्रमुख यामामोतो, त्या म्हाताऱ्याचा आवाज जुना राहिला नव्हता. त्याला आवाज देणारे जुने त्सुकादा मासाआकी २०१४ ला गेले. म्हाताऱ्याची बांकाई, म्हणजे तलवारीचं सगळ्यात ताकदवान रूप, जिची आम्ही इतकी वर्षं वाट बघितली, ज्वाळा नसलेली ती जळकी काळी तलवार, ती आली तेव्हा आवाज दुसऱ्याचा होता. चांगला होता, नाही म्हणत नाही, पण ते ऐकताना पहिल्यांदा कळलं की एवढ्या वर्षांत नुसते आम्हीच नाही, सिरीजही म्हातारी झालीये. मी स्वतः तेव्हा ३२ ची होते, मोरिताने सुरुवात केली त्या वयाची. तीन वर्षांची मुलगी मांडीवर झोपलेली, एका कानात इअरफोन, दुसरा कान मुलीसाठी मोकळा.

हे सगळं रडगाणं गायला नाही सांगत. सांगायचं हे की आमचा क्राउड असा आहे. तो दिसत नाही. तो सकाळी ८:१७ च्या स्लोमध्ये लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभा असतो. तो स्टोरीवर पोल टॅप करत नाही, कारण चोवीस तासांत पोल उडतो आणि त्या चोवीस तासांत आमची एक शिफ्ट, एक डबा आणि मुलीचं एक प्रोजेक्ट होतं. तुम्ही पोल घेतलात मंगळवारी, कामाच्या दिवशी, आणि विचारलंत फॉलोअर्सना, म्हणजे त्यातल्या कितींनी तिकीट काढलंय ते तुम्हालाही माहिती नाही. लग्नातला मेन्यू हॉलबाहेरच्या रिक्षावाल्यांना विचारून ठरवतात का? तुमच्याकडे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचा नंबर आहे, ईमेल आहे, त्यांना एक ओळ पाठवली असती तर कळलं असतं.

आणि डेडच म्हणायचं तर नव्या सिरीजचे तीन पार्ट होऊन गेलेत, २०२२, २०२३ आणि २०२४, मिळून ४० एपिसोड. पहिल्या पार्टचं मायॲनिमेलिस्ट या साइटवर रेटिंग दहापैकी नऊच्या आसपास आहे, ते काही आम्ही दहा जणांनी भांडुपला बसून दिलेलं नाही. भारतात तर 'कोण बघणार' हे कोणी म्हणूच नये. २०१९ ला वेदरिंग विथ यू हा ॲनिमे पिक्चर इथे थिएटरला लागला तो भारतातल्या फॅन्सनी ऑनलाइन पिटिशन करून, पन्नास हजारांच्या आसपास सह्या होत्या तिच्यावर. माझी पण एक. आणि सप्टेंबर २०२५ ला डीमन स्लेयरचा पिक्चर आला तेव्हा मुंबईत पहाटेचे शो लागले, पहाटेचे! ज्या शहरात पहाटे उठून पोरं पिक्चरला जातात तिथे संध्याकाळी सहाला ब्लीचसाठी हॉल भरणार नाही हे तुम्ही एका स्टोरीवरून ठरवलंत.

आता तुमची बाजू पण मांडते, नाहीतर म्हणाल आंटी नुसती चिडलीये.

ब्लीचमध्ये खोट नाही असं आम्ही म्हणतच नाही. बाउंटचे एपिसोड, ६४ ते १०९, मांगात नसलेली भरतीची स्टोरी, मी एकदा बघितली, परत बघणार नाही, आणि कोणाला बघ म्हणणारही नाही. त्याहून वाईट १६८ ते १८९, तिकडे वेको मुंदोत, म्हणजे दुष्ट आत्म्यांच्या जगात, ऐन लढाईत इचिगो अडकलाय आणि अचानक एक नवीनच कॅप्टन आणून २२ एपिसोड दुसरंच काहीतरी. सिरियलमध्ये क्लायमॅक्सला गणपती स्पेशल घुसवतात ना, तसं, फक्त पाच महिने. मांगाचा शेवटही घाईत उरकलाय, कुबोची तब्येत तेव्हा बरी नव्हती, आणि तो घाईचा शेवट वाचून मी चार दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. इचिगोची मैत्रीण ओरिहिमे, तिच्यासारख्या चांगल्या पोरीला नुसतं त्याला 'कुरोसाकी-कुन' म्हणायला ठेवलंय त्याच्यावर तर मी वेगळं पत्र लिहू शकते. पण म्हणूनच तर या शेवटच्या सीझनला एवढी किंमत आहे. कुबो स्वतः लक्ष घालतोय, मांगात न काढलेल्या लढाया आता दाखवतायत, दुसऱ्या पार्टच्या शेवटी सेन्जुमारू या पात्राची बांकाई आली ती मांगात नव्हतीच. म्हणजे ज्यांनी ७४ खंड वाचलेत त्यांनाही पुढे नक्की काय दाखवतील ते माहिती नाही. वीस वर्षांपूर्वीच्या सिरीजचा शेवट दुरुस्त होतोय, आमच्या डोळ्यासमोर, असं किती वेळा होतं?

दुसरं म्हणजे तुमच्या व्हॉलंटियरने, बिचारा चांगला मुलगा आहे, मला लिहिलं की मॅम ३६६ एपिसोड आत्ताची पोरं कुठून बघणार. बाळा, गाणी आणि रिकॅप काढले तर एक एपिसोड साधारण २० मिनिटांचा पडतो. भांडुप ते परळ स्लोने अर्धा तास. जाताना दीड, येताना दीड, दिवसाला तीन. ३६६ भागिले तीन, १२२ दिवस. रविवार सोडून धरले तर पाच महिन्यांच्या आत संपते. मी २०२२ च्या आधी अशीच सगळी परत बघून काढली, बाउंट सोडून, आणि त्या वर्षी ट्रेन लेट झाल्याचा मला एकदाही राग आला नाही.

तिसरी गोष्ट हक्कांची. एपिसोड मोठ्या पडद्यावर दाखवायचे तर ज्यांच्याकडे राइट्स आहेत त्यांची परवानगी लागते, ती कधी मिळते कधी नाही, पैसेही लागतात, एवढं कळतं आम्हाला. तेच कारण असेल तर तसं सांगा ना! 'हक्क मिळाले नाहीत' हे तीन शब्द लिहिले असते तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. आम्ही एपिसोडशिवाय पण दोन तास भरून काढू, तुम्हाला माहिती नाही आम्ही किती बोलतो. पण हक्क मिळाले नाहीत म्हणून प्रोग्राम छोटा करायचा आणि कारण सांगायचं सिरीज म्हातारी झाली, हे बरोबर नाही.

आता तक्रारी. रविवारी सकाळी साडेदहा ही वेळ कोणी ठरवली ते मला एकदा भेटायचंय. सेंट्रल लाइनवर राहणारं कोणी तुमच्या कमिटीत आहे की नाही? रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक म्हणजे आमची रोजची, सॉरी, दर रविवारची पूजा. काळा किमोनो, पांढरी हाओरी (वरून घालायचा जपानी कोट), कमरेला प्लायवूडची तलवार अशा अवतारात भांडुपहून दादरला येऊन वेस्टर्न पकडायची, आणि परत येताना गाड्या फास्ट ट्रॅकवरून, भांडुपला थांबतायत की नाही ते देवाला माहिती. मागच्या वर्षी एका आजीने मला डब्यात विचारलं होतं, कुठल्या आश्रमाची गं तू. गर्दी नसताना ते चालतं, मेगाब्लॉकच्या गर्दीत तलवार कुठे धरू मी?

ज्या प्रोग्रामच्या नावावर पास विकले तो बदलला, पण पैसे परत मिळतील का याबद्दल एक अक्षर नाही. 'कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखून' अशी ओळ खाली बारीक अक्षरात असते ते माहितीये. पण पोस्टरवर इचिगो बारीक अक्षरात नव्हता. तो अख्ख्या पोस्टरभर होता, आणि गंमत म्हणजे अजूनही आहे, आज सकाळीच बघितलं, तिकीट बुकिंगच्या पेजवर तोच फोटो. क्राउड नाही म्हणता आणि तिकीट खपवायला त्याचाच चेहरा वापरता, मग एक काहीतरी ठरवा.

'रेट्रो' शब्दाचं फार मनाला लावून घेत नाही, पण कॉस्प्लेच्या स्पर्धेत पण आम्हाला 'रेट्रो' गटात टाकलंय आणि त्या गटाला बक्षीसच नाहीये, नुसतं सर्टिफिकेट. हे मात्र लावून घेतलंय.

कारण माझी हाओरी. आता हे जरा लांबेल.

मी उनोहाना करतेय. फोर्थ स्क्वॉडची कॅप्टन, म्हणजे सोल सोसायटीचं, सिरीजमधल्या आत्म्यांच्या जगाचं, हॉस्पिटल चालवणारी बाई, शांत, गोड बोलणारी, सगळे तिला टरकून असतात आणि का ते कळत नाही. वेणी मागे न घालता पुढे गळ्याशी घेते. ती वेणी तशी का, हे २०२२ च्या डिसेंबरमध्ये झाराकी या दुसऱ्या कॅप्टनबरोबरच्या लढाईत मोकळ्या केसांत दिसलं, खाली छातीवर तलवारीचा जुना व्रण, जो झाराकीने लहान असताना केला होता. सगळ्यांची मलमपट्टी करणारी बाई मुळात सगळ्यात खतरनाक तलवारबाज होती. मी दिवसभर लॅबमध्ये 'मुठी आवळा, लांब श्वास घ्या, झालं झालं' करत असते, मला हे पात्र का आवडतं याचं वेगळं कारण सांगायला नको.

पॉपलिन दादरहून आणलं, चार मीटर. भांडुप स्टेशनजवळ आमचे टेलरकाका आहेत, ब्लाउजचे स्पेशालिस्ट, त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. ते म्हणाले, गाऊन आहे का? म्हटलं नाही काका, कोट समजा, बटण नसलेला. खालच्या काठाला काळे चौकट-चौकट आहेत ते त्यांनी लगेच पकडलं, म्हणाले हे टेम्पल बॉर्डरसारखंच की. मग पाठीवरचं अक्षर दाखवलं, जपानी चार. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ताई, पाठीवर खिडकी कशाला? आणि खरंच, चौकोनी चौकट आणि आत दोन पडदे बांधून ठेवल्यासारखे, तेव्हापासून मला ते अक्षर दुसरं काही दिसतच नाही. जपानीत चारचा उच्चार आणि मृत्यूचा उच्चार सारखाच, 'शी', म्हणून तिकडे चार अशुभ मानतात, आणि नेमका तोच आकडा पेशंट बरे करणाऱ्या पथकाला दिलाय. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, मग पाच करून टाकू का?

वेणीसाठी सासूबाईंनी त्यांचं जुनं गंगावन दिलं. ट्रंकेतून काढून, खोबरेल लावून, विंचरून. फक्त त्यांचा हट्ट एकच की वेणी मागे टाक, पुढे बरी दिसत नाही. त्यांना व्रणाची स्टोरी सांगितली तेव्हा त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, असू दे मग पुढेच. आता ज्या सिरीजने भांडुपच्या एका बहात्तर वर्षांच्या बाईला स्वतःचं गंगावन काढायला लावलं तिला तुम्ही साठ खुर्च्या देताय.

तर मागण्या. फार नाहीत. शनिवारची वेळ आम्हाला परत द्या, दोन तास नसतील जमत तर एक तास द्या, पण मेन हॉलमध्ये आणि संध्याकाळी. रील डान्स बंद करा असं माझं म्हणणं नाही, माझी मुलगी त्यात भाग घेणारे, तो चारला करा, पोरांना उजेडात नाचू द्या. एपिसोडचे हक्क मिळाले का नाही ते स्पष्ट लिहा. मिळाले नसतील तर कुठूनतरी उतरवलेला एपिसोड लावू नका, ते आम्हाला नकोय, डीव्हीडीवर फिजिक्स लिहायचं वय गेलं आमचं. ज्यांनी त्या प्रोग्रामसाठी पास काढले आणि आता यायचं नाही त्यांना पैसे परत द्या, किंवा पोस्टरवरून इचिगोला उतरवा. पोल घ्यायचाच तर तिकीट काढलेल्यांचा घ्या, मेलवर, निदान तीन दिवस चालू ठेवून. 'रेट्रो' गट ठेवायचा तर ठेवा, पण बक्षीस सगळ्यांना सारखं. आणि आणखी एक बारीकशी, स्टेजवर अँकर असतो त्याला सांगा की समोरचा मराठीत बोलला तर 'हिंदी में बोलिए ना' म्हणून माइक खेचायचा नाही. मागच्या वर्षी एक पोरगा झाराकीवर इतका सुंदर बोलत होता, लालबागच्या टोनमध्ये, आणि मधेच त्याला तोडलं. अर्धा हॉल बाहेर वडापावच्या रांगेत मराठीतच भांडत असतो की कुठल्या कॅप्टनची बांकाई भारी, ते आत आल्यावर का बदलायचं?

याच्या बदल्यात आम्ही काय देऊ तेही सांगते. क्विझचे प्रश्न आमच्याकडे तयार आहेत, शंभर, सोपे-अवघड वेगळे केलेले. नवीन पोरांसाठी पंधरा मिनिटांत आत्तापर्यंतची स्टोरी सांगणारा एक माणूस आमच्याकडे आहे, क्लासमध्ये शिकवतो, बोर करत नाही. ज्यांनी पुढचं बघितलेलं नाही त्यांना आमच्यातलं कोणी शेवट फोडून सांगणार नाही, याची जबाबदारी माझी. हॉल भरला नाही तर रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढून खुशाल पेजवर टाका, मला टॅग करा.

उत्तर शुक्रवारपर्यंत द्या, मेलवर नको, पेजवरच द्या म्हणजे सगळ्यांना दिसेल. शुक्रवार एवढ्यासाठी की हाओरी शिवून झालीये, फक्त पाठीवरची खिडकी राहिलीये. साठ खुर्च्यांच्या खोलीत उभं राहायचं असेल तर मी घरीच फॅब्रिक पेंटने काढीन, जवळून चालून जाईल. मेन हॉल असेल तर शेवटच्या रांगेतून दिसायला हवी, मग टेलरकाकांना सांगते काळ्या सॅटिनची पट्टी लावा, आणि ते म्हणतात त्याला पूर्ण एक दिवस लागतो.

तुमची,
भांडुपची उनोहाना